साखळी उठल्यावर

मंठ्याहून लोणारच्या रस्त्याला लागलं की गाव मागं टाकून कोसभरावर एक वस्ती लागते. तिचं नाव नाकापुरा. नाव कसं पडलं हे सांगायला पंडित बोलवायला नको. निजामाच्या अमदानीत इथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दगडी खांब, मधे मनगटाएवढ्या कड्यांची लोखंडी साखळी, आणि शेजारी खाटेवर पसरलेला नाकेदार. वऱ्हाडातून कापसाची गाडी परतूरच्या ठेसनाकडं निघाली की तिनं साखळीपाशी थांबायचं म्हणजे थांबायचंच. नाकेदार उठणार कधी, तर हुक्का संपल्यावर. पावती देणार कधी, तर मर्जी झाल्यावर. तोवर गाडीवानानं करायचं काय? नाकापुऱ्यात खायचं, मीठमिरची घ्यायची, चाकाची धाव ठोकून घ्यायची आणि नाकेदाराच्या नावानं बोटं मोडायची.

अशी ती पेठ. दोन्ही अंगांना मिळून अठरा दुकानं, आणि अठराच्या अठरा साखळीच्या जिवावर गबर झालेली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना? इथं रोज दीडशे हरी अडायचे, आणि इतक्या वर्षांत गाढवांनाही वाटायला लागलं होतं की आपण अरबी घोडेच आहोत.

मग रझाकारी संपली, निजाम गेला, आणि पुढं काही वर्षांनी करोडगिरीसुद्धा उठली. एका सकाळी दोन माणसं आली, साखळी काढली, गाडीत टाकली आणि निघून गेली. गंमत अशी, की त्यानंतर पंधरा दिवस बैल आपणहून खांबांपाशी थांबत होते. बिचाऱ्यांना कोण सांगणार, सरकार बदललं म्हणून! गाडीवानांनी शेपट्या पिरगाळल्या, दोन-दोन चाबूक दिले, तेव्हा कुठं बैल शहाणे झाले. नाकापुऱ्याच्या माणसांना शहाणं व्हायला मात्र अख्खं साल लागलं.

ही गोष्ट त्या सालाची, आणि खरं सांगायचं तर सगुणाबाईची.

सगुणाबाईची नाक्यावर खानावळ होती. नवरा पटकीनं गेला त्याला आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. चाळिशी उलटलेली, अंगानं काटक आणि तोंडानं त्याहून काटक. नवऱ्यामागं ती रडत बसली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवली आणि पिठलं-भाकरी, येसरची आमटी असं रांधून गाडीवानांच्या पंगती उठवायला लागली. साखळी असताना दिवसाला शंभर पानं उठायची. साखळी गेली आणि दोन पानांचीही मारामार झाली. एखादा म्हातारा गाडीवान, ज्याला दात नव्हते आणि धीरही नव्हता, तेवढा थांबायचा.

दिवाळी झाली आणि तिचा धाकटा भाऊ धर्मराज परतुराकडून आला. याला तिनं कडेवर खेळवलेलं. आता मिशा फुटून, दोन पोरांचा बाप होऊन तो तिच्या ओट्यावर बसला आणि थंड चुलीकडं बघत म्हणाला, "अक्का, आता बस्स झालं. कोणाची वाट पाहून राह्यलीस? चल घरी."

"हे काय मसण हाय का? घरीच बसलेय मी."

"आपल्या घरी म्हणतो मी. माझ्या."

सगुणाबाईनं चुलीतली राख उगाच उकरली. धर्मराज सोन्यासारखा होता, त्याची बायकोही वाईट नव्हती. पण माहेराला चार दिवस पाहुणी म्हणून जाणं वेगळं आणि जन्माचं राहायला जाणं वेगळं. चार दिवस पुरणाची पोळी मिळते, पाचव्या दिवशी जात्याचा खुंटा हातात येतो, आणि सहाव्या दिवसापासून भावजयीच्या तोंडाकडं बघून भाकरी मोडायची. आठ वर्षं जिनं शंभर माणसांना वाढलं, तिनं आता वाढलेलं खायचं?

"हंगाम जाऊ दे कापसाचा," ती म्हणाली. "गुढीपाडव्याला ये. तोवर चूल चालली न्हाई तर मुकाट तुझ्या गाडीत बसते."

"शब्द?"

"शब्द."

धर्मराज गेला. सगुणाबाईच्या हातात आता चार-साडेचार महिने होते.

नाकापुऱ्याचा म्होरक्या म्हणजे रामनिवास शेट. किराण्याचं सगळ्यांत मोठं दुकान त्याचं. त्याचा पणजोबा मारवाडातून लोटा आणि दोर घेऊन आलेला. चार पिढ्या इथंच, त्यामुळं शेट बोलायचा मराठी, चिडला की मात्र हिंदी. शेटनं अठरा दुकानदारांची कमेटी भरवली. त्यात सगुणाबाई एकटी बाई. बरीच डोकी खाजवून कमेटीनं काय ठरवलं असेल? सांगितलं तर हसाल. ठरवलं की तहसीलदारसाहेबाला अर्ज द्यायचा: आमची साखळी परत द्या!

सतरा सह्या आणि सगुणाबाईचा अंगठा घेऊन शेट कचेरीत गेला. साहेबानं अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"शेटजी, सगळा मुलूख आम्हाला कर काढा म्हणून अर्ज देतो. तुम्ही एकटेच लावा म्हणता?"

"कर बिलकुल नको साहेब. नुसती साखळी पाहिजे."

साहेबाला इतकं हसू आलं की शिरस्तेदार पाणी घेऊन धावला. ही बातमी शेटच्या आधी नाकापुऱ्यात पोचली, आणि पुढं कित्येक दिवस मंठ्याच्या बाजारात नाकापुऱ्याचं माणूस दिसलं की लोक विचारायचे, "काय, साखळी पाहिजे का?"

तरीही जिद्द गेली नाही. पेठेनं बांबूची कमान उभी केली, तिला आंब्याची पानं, रंगीत कागद, दोन गॅसबत्त्या. शेटनं कर्ण्याचा ग्रामोफोन आणून ओट्यावर ठेवला. दुकानांच्या फळ्यांना हिरवा रंग दिला. झालं काय? वऱ्हाडाच्या गाड्या आल्या, गाडीवानांनी मान वळवून कमान बघितली, गाणं ऐकलं, एक-दोघांनी तालही धरला, आणि गाड्या न थांबता निघून गेल्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

मार्गशीर्ष निम्मा झाला. सगुणाबाई एका सकाळी ओट्यावर हात बांधून बसली होती. समोरून चतुराबाई चालली होती, डोक्यावर रिकामं टोपलं. ही चतुराबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या रखमाजीची बायको. रखमाजी शेतकरी माणूस, बारा एकराचा धनी, घरची बैलजोडी, दाराशी पाण्यानं भरलेली विहीर. चतुराबाई सरळ रामनिवासच्या दुकानावरून पुढं गेली आणि मंठ्याच्या रस्त्याला लागली.

"चतुरा, कुठं गं?"

"मीठ आणि तेल आणाया. मंठ्याच्या पेठेत."

"अगं, इथं दाराशी दुकान, आणि मीठ आणाया कोसभर तंगडतोड?"

चतुराबाई थांबली. ती बोलायला तिखट होती, पण आधी जरा घुटमळली. "जाऊ दे ना. कशाला सकाळी सकाळी."

"न्हाई, बोल. काहून जातीस?"

"नाक्यावरचं कोण घेतंय, बाई? गल्लीतलं एकबी घर घेत न्हाई. आमच्यात पोरगं खोटं बोललं तर म्हणतात, नाक्यावरचा माल हाय मेला!"

सगुणाबाईचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "शेटचं सांगू नको मला. शेट हायच तसा. माझं काय?"

"तुझं?" चतुराबाईनं टोपलं खाली ठेवलं. "तुझं पिठलं तू कधी खाल्लंस का, सगुणा?"

एवढं बोलून ती गेली. सगुणाबाई तिच्या पाठीला चार शिव्या देऊन घरात आली. तोंडात आलं ते बोलली: सटवी, जळकी, हिच्या जिभेला हाड न्हाई. बोलून बोलून दमली आणि मग एकदम लक्षात आलं, की खरंच, आपण खाल्लेलं नाही. स्वतःपुरती ती दूध-भाकरी खायची.

तिनं चूल पेटवली. गाडीवानांना करायची तस्संच पिठलं केलं. हरभऱ्याच्या पिठात निम्मं ज्वारीचं पीठ, तेलाचं नुसतं बोट, चव झाकायला मूठभर तिखट, आणि वरून तांब्याभर पाणी. कालची भाकरी तव्यावर परत शेकली. पाट घेतला, पान वाढून घेतलं, पहिला घास मोडला.

तो घास तिच्या घशाखाली उतरेना.

पण सगुणाबाई मोठी हट्टी बाई. तिनं पान सोडलं नाही. एक एक घास पाण्याबरोबर गिळला, सगळी भाकरी संपवली, आणि डोळ्यांतून धारा लागल्या त्या काही तिखटानं नव्हेत. आठ वर्षं, रोज शंभर माणसं! दमलेली, उन्हातान्हातली, परमुलखातली माणसं, त्यांना तिनं हे असलं खायला घातलं होतं आणि वर अभिमान मिरवला होता, की माझ्याकडं शंभर पानं उठतात. शंभर पानं साखळी उठवत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोंड धुऊन ती तडक रामनिवासच्या दुकानी गेली.

"शेटजी, कमेटी बोलवा. पण दुकानदारांची न्हाई. गल्ल्यांतली सगळी घरं बोलवा. बाया बी."

"बायांचं काय काम? धंद्यातलं त्यांना काय समजतंय?"

"धंदा कोणाच्या जिवावर करता? बाजारहाट बायाच करतात. आपल्या गल्लीतली तीस घरं आपल्या दुकानावरून पुढं जाऊन मंठ्यात माल घेतात. शेजारी घेईना तर वऱ्हाडचा माणूस काहून थांबंल?"

"चार घरं जात असतील."

"विचारू या की. भ्या वाटतंय का?"

भीती वाटते म्हटल्यावर कोणता शेट मागं हटेल? त्या शनिवारी सकाळी मारुतीच्या पारावर सगळा नाकापुरा जमला. पुरुष पारावर, बाया खाली लिंबाच्या सावलीत. समोरच रामनिवासचं घर. तिथं उंबऱ्यात त्याची आई भंवरीबाई हातभर घुंगट ओढून बसलेली. सत्तरी गाठली, पण कान शाबूत. रिवाज म्हणून ती पारावर येत नसे.

सगुणाबाई उभी राहिली. "एक एक घरानं सांगायचं," ती म्हणाली, "नाक्यावरचं काय घेत न्हाई आणि काहून घेत न्हाई. कोणी रागवायचं न्हाई. आधी माझ्यापासून धरा. माझं पिठलं मी परवा खाल्लं. ते जनावरालाबी घालू नये असं होतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिनं तर आपल्या हातानं मूठ उघडून दाखवली. मग लोकांना तोंड फुटलं. एकानं सांगितलं, डाळीत खडे. दुसरीनं सांगितलं, तेलाला वास. कचरू सुताराला सगळ्यांदेखत ऐकावं लागलं की त्यानं आरे घालून भरलेलं चाक परतूर गाठत नाही. कचरू मान खाली घालून बसला. गोडेतेल झालं, गूळ झाला, आणि गाडी वळून वळून रामनिवासच्या दुकानावर यायला लागली तसा शेट लाल झाला.

"सब झूट!" तो उठलाच. "जळून राह्यले सगळे! माझ्या दुकानात खोटा माल? बोला, कोणाच्या घरात माझ्या मालानं कोण मेलं?"

"रामनिवास, बैठ जा."

आवाज उंबऱ्यातून आला होता. भंवरीबाईनं घुंगट तसाच ठेवला, पण ती उठून उभी राहिली होती.

"माँ, तू अंदर जा."

"आपल्या घरातली हळद, हिंग, तेल, तीन साल झाले, मंठ्याच्या पेठेतून येतंय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "चतुराबाई आणून देती. तुझ्या हळदीत पिवळी माती हाय, बेटा. तुझ्या बापाच्या वखती नव्हती."

कोणीतरी फिस्सकन हसलं, पण पुढं कोणाला हसणं झालं नाही. रामनिवास शेटचं तोंड बघवत नव्हतं. दुकानाचं अन्न ज्या आईनं भरवून त्याला वाढवलं, तिच्याच ताटात त्याचा माल नव्हता. तो पारावरून उतरला आणि दुकानात गेला. लोकांना वाटलं, फळ्या लावून घेतो आता. पण शेट हळदीचं अख्खं पोतं पाठीवर घेऊन बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पाठीवर पोतं! सगळ्यांसमोर त्यानं ते गटारीत उपडं केलं. मग हात झाडून परत येऊन बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हां. आता पुढचं बोला."

काय सांगावं, त्या क्षणी नाकापुऱ्याला आपल्या शेटचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कमान बांधली तेव्हा वाटला नव्हता.

पुढचं बोलला रखमाजी. तोपर्यंत तो तंबाखू मळत होता. "शेटजी, कमान कोणासाठी बांधली? तोंड मंठ्याकडं, पाठ गिऱ्हाइकाकडं. गाड्या येतात लोणारकडून, टेकाड चढून. चढ सरला की बैलाच्या तोंडाला फेस असतो. तिथं पाणी हाय का? न्हाई. नाकेदारानं कधी बैलाला पाणी पाजलं न्हाई आणि आपणबी न्हाई. बैल थांबला तर माणूस थांबंल. चढाच्या माथ्यावर, पेठेच्या तोंडाशीच, हौद बांधा. पाणी माझ्या विहिरीचं."

"खर्चा?" सवयीनं शेटच्या तोंडून गेलं.

"दगड टेकाडावर पडलेत आणि हात सगळ्यांना दोन-दोन हायेत," रखमाजी म्हणाला.

आणि सगुणाबाईनं एक नियम मांडला. आधी घरचं, मग दारचं. म्हणजे असं, की रोज गल्लीतल्या एका घराची पाळी. त्या घरच्या बाईनं सकाळी येऊन तिच्या हाताचं चाखायचं, दुकानांत माल बघायचा, आणि ती "घरच्या पोरांना घालीन" म्हणाली तरच तो गाडीवानाला द्यायचा. शेजाऱ्याला नको तो माल परक्याच्या माथी मारायचा नाही. पारावर माना हलल्या. सगळ्यांनी मारुतीला हात लावून कबूल केलं.

कबूल करणं सोपं असतं हो! पहिल्या आठ दिवसांत चतुराबाईनं, पाळी नसतानाही हजर राहून, सगुणाबाईचं पिठलं दोनदा म्हशीला घालायला लावलं. दुसऱ्या वेळी सगुणाबाई पळी घेऊन अंगावर धावली.

"तुझी जीभ हाय का विळा गं? आता काय झालं त्याला?"

"कच्चं लागतंय. बेसन भाजलं न्हाईस नीट. घाई केलीस."

"भाजलं!"

"मारुतीला हात लावून सांग."

सगुणाबाईनं पळी खाली ठेवली. भाजलं नव्हतं नीट, हे तिला ठाऊक होतं. तिनं नव्यानं बेसन घेतलं, लसूण ठेचला, जिरं तडतडू दिलं, आणि अर्धा तास चुलीपाशी ढळली नाही. चतुराबाईनं दुसऱ्यांदा बोट चाटलं आणि पान मांडून जेवायला बसली. सगुणाबाईला तिच्यासमोर हसायचं नव्हतं, म्हणून तिनं तोंड फिरवलं.

इकडं चढाच्या माथ्यावर हौद उठत होता. बायांनी टेकाडावरचे दगड डोक्यावरून आणले, कचरूनं वर सावलीला मांडव घातला, आणि रामनिवास शेटनं चुना दिला. स्वच्छ, चाळलेला चुना; चतुराबाईनं तोही मुठीत घेऊन बघितला होता. संक्रांतीला हौद भरला. रखमाजीनं पहिली मोट स्वतः हाकली.

पहिली गाडी थांबली ती पाण्यासाठी. बैलांनी पाणी बघितलं आणि गाडीवानाला न विचारता वळले. गाडीवान मेहकराकडचा, कानात भिकबाळी, तोंडावर संशय. बैल सोडले, हौदाला लावले आणि स्वतः मांडवात बसून घरून बांधून आणलेली भाकरी सोडली. नाक्यावरचं खायचं नाही, हे वऱ्हाडात आता पोरासोरांना माहीत होतं.

सगुणाबाई जवळ गेली. "दादा, कालवण हाय का संगं?"

"कांदा हाय."

"पिठलं देते. आवडलं न्हाई तर टाकून द्या."

"नको बाई. तुमच्या नाक्याचं पिठलं माझ्या बापानं खाल्लंय."

दुसरी बाई असती तर रडली असती. सगुणाबाईनं वाटीभर पिठलं आणलं, त्याच्या फडक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या बापाची माफी मागून आणलंय. खा."

त्यानं वाटी हुंगून बघितली. मग भाकरीचा तुकडा बुडवला. एक घास, दुसरा घास. वाटी पुसून घेतली आणि जाताना नुसतं एवढंच विचारलं, "उद्या परतताना मिळंल का?"

असं एकेक करून माणूस फिरलं. कोणी हौदासाठी थांबलं, कोणी चाकासाठी. कचरूनं भरलेलं चाक आता परतूर गाठून परत येत होतं. रामनिवासची हळद मेहकरच्या लग्नात वापरली गेली, हे तर शेट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा; ऐकून ऐकून लोकांना पाठ झालं. पण सगुणाबाईला खरी खूण निराळीच दिसली. माघ संपता संपता गाड्यांवर भाकरीची गाठोडी दिसेनाशी झाली. माणूस घरून भाकरी बांधून आणत नाही म्हणजे वाटेत कोणावर तरी त्याचा भरवसा आहे. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा पन्नास पानं मोजली आणि पदरानं डोळे पुसले. "धूर लागला," म्हणाली. चतुराबाई तिथंच होती. ती म्हणाली, "व्हय तर. आज धूर लई हाय."

पाडवा आला. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, हौदाच्या मांडवावरसुद्धा एक उभी राहिली. आणि दिवस कासराभर वर आला तोच धर्मराज गाडी घेऊन पोचला. शब्द म्हणजे शब्द. भांडी बांधायला दोर, अंथरायला कडबा, सगळं घेऊन आला होता. पण त्याला गाडी सोडायला जागा मिळेना. दोन्ही अंगांना गाड्याच गाड्या, बैलांच्या घुंगरांचा नुसता गलका. हंगामाच्या शेवटच्या गाड्या परतायच्या होत्या, आणि सणाचं जेवण नाकापुऱ्यात घ्यायचं असं गाडीवानांनी आपापसांत ठरवलं होतं.

सगुणाबाईनं ओट्यावरून भावाला बघितलं, हात हलवला आणि परत चुलीकडं धावली. धर्मराज पंगतीच्या शेवटच्या पानावर बसला. अक्कानं वाढलेलं त्यानं मुकाट खाल्लं. पिठलं दोनदा मागून घेतलं. पंगत उठल्यावर चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"अक्का, चूल तर चालली."

"चालली."

"मंग मी कशाला आलो?" "तुला खरं सांगू? गावात लोक म्हणतात, धर्माची विधवा बहीण नाक्यावर भाकऱ्या थापती आणि हा बघत बसतो. मला मान वर करून फिरता येत न्हाई. चल अक्का. सुखात ठेवीन."

हे त्याच्या मनात होतं, हे सगुणाबाईला ठाऊक नव्हतं. तिनं पिठाचे हात पुसले आणि लहानपणी धरायची तशी त्याची हनुवटी धरली. "धर्मा, तू मला सुखात ठेवशील ते मला माहीत हाय. पण मला इथं कोणी ठेवलेलं न्हाई रे. मी माझ्या जोरावर हाय इथं. न्हाई येत मी. आज न्हाई, उद्याबी न्हाई. तू मात्र सणाला येत जा, बहिणीच्या घरी येतात तसा."

तेवढ्यात रखमाजी आत आला. त्याच्या हातात कोरं लाल पागोटं होतं, भंवरीबाईनं पाठवलेलं. मागून चतुराबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"पावणं, पाटावर बसा," रखमाजी म्हणाला. "गल्लीच्या बहिणीचा भाऊ पहिल्यांदा सणाला आला. बोडक्या डोक्यानं जाऊ देत न्हाई आम्ही."

सवाष्णीच्या हातचं कुंकू लागलं, रखमाजीनं चांगलं ताणून पागोटं बांधलं. सगुणाबाई भिंतीला टेकून बघत होती, आणि आठ वर्षांत प्रथमच तिला वाटलं की आपल्या घरालाही आहेर करणारी माणसं आहेत. छाती भरून आली. तिनं ते लपवलं नाही.

उन्हं कलली तसा धर्मराज निघाला. हौदापाशी त्यानं बैलांना पाणी दाखवलं. मेहकरचा तो भिकबाळीवाला गाडीवान तिथंच बैल धूत होता. त्यानं नवं पागोटं बघितलं आणि विचारलं, "पावणं, कोण म्हणायचे आपण?"

सगुणाबाई ओट्यावर उभी होती. तिला दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. धर्मराजनं मिशीवरून हात फिरवला, मान वर केली आणि सगळ्या हौदाला ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं,

"मी व्हय? मी सगुणाबाईचा भाऊ!"

"मंग आधी सांगायचं की, राव!" म्हणत त्या गाडीवानानं आपले बैल बाजूला घेतले आणि धर्मराजच्या बैलांना सावलीतली जागा दिली.